सासूबाईंचं अंग बाहेर येतंय, पिशवी लगेच काढायलाच हवी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाई ६३ च्या आहेत, अंग बाहेर येतं हे त्यांनी दोन वर्षं कुणाला सांगितलंच नाही, आता तपासणीत तिसरी डिग्री निघाली, म्हणजे पिशवी (गर्भाशय) बाहेर येण्याइतकी खाली आली, आणि डॉक्टरांनी पिशवी काढायची पुढच्या आठवड्याची तारीख दिली. थांबलं तर चालेल का, हा तुमचा प्रश्न. मी स्वतः पाच वर्षं पिशवीला आधार द्यायला आत बसवायची रिंग वापरतेय म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे की हा कॅन्सर नाही, घाईचं दुखणं नाही. लघवी अडकत असेल, पाळी गेल्यावर रक्त दिसत असेल किंवा बाहेर आलेल्या भागाला जखम झाली असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. असं काही नसेल तर दोन-तीन महिने विचार करायला खुशाल घ्या.

आणि त्यांनी लपवलं म्हणून रागावू नका हो. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं, ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. आपल्याकडे बाई हे सांगतच नाही.

आता पिशवीचं. पिशवी खाली येते कारण तिला धरून ठेवणारे स्नायू आणि बंध सैल झालेले असतात, बाळंतपणं, जड उचलणं, जुना खोकला, बद्धकोष्ठता, सगळ्याचा मिळून परिणाम. म्हणजे दोष पिशवीत नाही, आधारात आहे. नुसती काढून टाकली आणि वरचा आधार नीट बांधला नाही तर योनीचा वरचा भागच पुढे खाली येऊ शकतो, माझ्या मावशीचं तसंच झालं, दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं. नेदरलँड्समध्ये २०८ बायकांवर अभ्यास झाला, निम्म्यांची पिशवी ठेवून ती आतल्या बंधाला टाके घालून वर बांधली, निम्म्यांची काढली, पाच वर्षांनी वरचा भाग त्रास होण्याइतका परत खाली आलेल्या पहिल्या गटात १ टक्का आणि दुसऱ्यात जवळपास ८ टक्के. आणि आपल्या मुंबईत तर शिरोडकर आणि पुरंदरे या डॉक्टरांनी गेल्या शतकातच पिशवी राखून वर बांधायची ऑपरेशनं शोधली, ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. त्यामुळे "काढल्याशिवाय इलाजच नाही" असं कुणी म्हणालं तर दुसरं मत घ्या. मलाही तसंच सांगितलं होतं, ऑपरेशनशिवाय दुसरं काही असतं हा शब्दसुद्धा काढला नव्हता, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

व्यायामाने पूर्ण बाहेर आलेलं आत जात नाही, हे खरं. पण त्रास कमी होतो. २०१४ ला आलेल्या पॉपी नावाच्या अभ्यासात ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियातल्या ४४७ बायका होत्या, फिजिओने १६ आठवड्यांत पाच वेळा भेटून ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम शिकवला, वर्षभराने त्यांना बाकीच्यांपेक्षा कमी त्रास होता. शिकवून घ्या मात्र, मी सहा महिने आकसून धरायच्या ऐवजी उलट खाली जोर देत होते! बादली उचलताना आधी आत ओढून धरायचं आणि श्वास सोडत उचलायचं, एवढ्यानेच संध्याकाळचा तो खाली ओढल्यासारखा जडपणा माझा निम्मा झाला.

रिंग म्हणजे सिलिकॉनची गोल पेसरी. मी रविवारी रात्री काढते, एक पाय पाटावर ठेवायचा, बोट अडकवून ओढायची, साबणाने धुवायची, पुसून ठेवायची, सकाळी मधोमध दाबली की करंजीसारखी अर्धगोल होते, तशीच आत सरकवायची. बसली की कळतसुद्धा नाही. सासूबाईंना हात लावायला नको वाटलं तर डॉक्टरांकडे ठरावीक महिन्यांनी जाऊन बदलता येते. पाळी गेल्यावर आतली त्वचा कोरडी होते म्हणून क्रीम लागेल का ते विचारा.

पण रिंगच चांगली असं मी म्हणणार नाही. नेदरलँड्समध्येच ४४० बायकांची तुलना झाली, २०२२ ला आली, दोन वर्षांनी बरं वाटतंय म्हणणाऱ्या रिंगवाल्या ७६ टक्के, ऑपरेशनवाल्या ८१ टक्के, आणि रिंगवाल्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींनी पुढे ऑपरेशन करूनच घेतलं. म्हणजे ऑपरेशन वाईट नाहीच, फक्त रिंग लावून बघायची संधी आधी मिळायला हवी. ऑपरेशन ठरलं तर वरचा आधार कसा बांधणार आणि आधारासाठी कृत्रिम जाळी घालणार का हे स्पष्ट विचारा, कारण योनीमार्गे घालायची जाळी यासाठी विकायला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) एप्रिल २०१९ मध्ये बंदी केली.

आणि एक करा, सासूबाईंना एकटीला बसवून विचारा की नेमका त्रास कशाचा होतो, लघवी, शौच, बसणं, की नुसती हाताला लागते त्याची भीती. इलाज त्यावर ठरतो, डिग्रीच्या आकड्यावर नाही. रिंगचं माप पहिल्याच वेळी बसलं नाही तर लगेच नको म्हणू नका, मला तिसरी बसली.