झिर्कोनिया भाजायचा कशात?

प्रश्न : 3 मोल टक्के यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) असलेल्या झिर्कोनियाच्या (झिर्कोनियम ऑक्साइड, एक सिरॅमिक) 20 मिमी व्यासाच्या पेलेट (पूड दाबून केलेल्या चकत्या) आम्ही मफल भट्टीत (विजेच्या साध्या भट्टीत) 1500 अंश सेल्सिअसला भाजतो. अख्खा दिवस जातो. मायक्रोवेव्ह भट्टीत तासाभरात होतं म्हणतात. घ्यावी का? तोवर घरगुती ओव्हन चालेल का?

उत्तर : तासाभरात होतं, पण त्या तासात बाइंडर, म्हणजे पूड बांधून ठेवणारा पदार्थ, जाळणं धरलेलं नसतं. बाइंडर म्हणून पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) घातला असेल तर मिनिटाला 1 अंश या गतीने 600 पर्यंत जा आणि तासभर थांबा, भट्टी कुठलीही असो. इथे घाई केली की वायू आत कोंडतो आणि पेलेट तडकते. वेळ वाचतो तो त्यापुढे. साध्या भट्टीत उष्णता पृष्ठभागावरून आत झिरपते, म्हणून मिनिटाला 5 अंश आणि वर 2 तास मुक्काम. मायक्रोवेव्हमध्ये पदार्थ स्वतःच तापतो. मिनिटाला 30 अंश आणि 15-20 मिनिटांचा मुक्काम यांपासून सुरुवात करून पाहा.

मात्र थंड झिर्कोनिया मायक्रोवेव्ह लहरी फारशा शोषत नाही. सुरुवातीला तापवायला भोवती सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्या ठेवाव्या लागतात. काही शे अंशांनंतर तो स्वतः शोषू लागतो आणि खरी कटकट तिथेच आहे. जो भाग जास्त तापला तो आणखी शोषतो, आणखी तापतो. मधला भाग जास्त भाजलेला, कडा कच्च्या, नाहीतर सरळ दोन तुकडे. असं झालं तर पॉवर कमी करा आणि बाहेरचं फायबर बोर्डचं आवरण जाड करा. ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) तर थंड असताना याहून हट्टी.

‘मायक्रोवेव्हमध्ये 100 अंश कमी तापमानात भाजलं’ या दाव्यांवर आमचा फारसा भरवसा नाही. धातूच्या आवरणाचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नीट अर्थिंग केलेला नसेल तर ठिणग्या उडतात, म्हणून बहुधा पायरोमीटर (न टेकवता, उत्सर्जित प्रकाशावरून तापमान मोजणारं उपकरण) लावतात. तो पृष्ठभाग वाचतो आणि आतला भाग त्याहून गरम असतो. तुलना तापमानाची नको, घनतेची करा. आर्किमिडीज पद्धतीने (पाण्यात बुडवून वजन करून) मोजलेली घनता 6.05 ग्रॅम प्रति घनसेंमी या सैद्धांतिक घनतेच्या 98-99 टक्के मिळायला हवी. एक पेलेट मधोमध कापून मध्याचे आणि कडेचे कण सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहा.

रोज दोन-चार पेलेट असतील तर घ्या. एका खेपेत पन्नास असतील तर मफलच बरी, कारण लहरींचं क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं. घरगुती ओव्हनची वारंवारता तीच, 2.45 गिगाहर्ट्झ, पण बहुतेकांत कमी पॉवर म्हणजे मॅग्नेट्रॉन (लहरी निर्माण करणारा भाग) चालू-बंद होणं, त्यामुळे तापमान हेलकावतं. 1500 अंशांसाठी तो बनवलेलाही नाही. त्याच्या वाटेला जाऊ नका.