'तो तसाच आहे' म्हणण्याआधी

प्रश्न : भाऊ ४७ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता. एरवी स्वतः आंघोळ करतो, टॉवेलची नीट घडी घालतो. परवापासून दिवसा गुंगीत असतो, तिन्हीसांजेला कपडे ओढतो, भिंतीशी बोलतो. जवळचे डॉक्टर म्हणाले, 'अशा मुलांचं वय झालं की व्हायचंच.'

उत्तर : व्हायचंच नाही! दोन दिवसांत माणूस बदलला, तर आधी डिलिरियम (शरीरातल्या बिघाडाने मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ) धरून चालायचं. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने सरकत येतो. दिवसा ग्लानी, संध्याकाळी जोर, मध्येच तासभर नेहमीसारखा, ही डिलिरियमची चाल. मूळ बहुधा शरीरात असतं : लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, पाणी कमी पडणं, तुंबलेलं पोट, किडलेली दाढ. 'दुखतंय' सांगता येत नाही, म्हणून तो कपडे ओढत असेल. आजच रुग्णालयात न्या, सगळ्या गोळ्या सोबत घ्या. फिटच्या कार्बामाझेपिनने रक्तातलं सोडियम घसरू शकतं, फेनिटॉइन जास्त झालं तर तोल जातो. मानसिक आजाराच्या औषधांबरोबर सर्रास लिहिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलही गोंधळ वाढवते. पण फिटची गोळी आपल्या मनाने थांबवू नका.

प्रश्न : मुलीला डाऊन सिंड्रोम, वय ४४. वर्षभरात चपला उलटसुलट घालू लागली, जिन्यावर अडखळते. स्मृतीच्या चाचणीत जवळपास शून्य. अल्झायमर का?

उत्तर : ती चाचणी बाजूला ठेवा. १०० मधून ७ वजा करणं तिला विशीत तरी येत होतं का? तुलना तिची तिच्याशीच करायची. घरातल्या लग्नाकार्यांचे जुने व्हिडिओ काढा, कार्यशाळेतल्या ताईंना विचारा.

शंका मात्र रास्त आहे. डाऊनमध्ये २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात आणि अमायलॉइडचं (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचं) जनुक त्यावरच आहे. चाळिशीपर्यंत मेंदूत अल्झायमरचे बदल जवळजवळ सर्वांत दिसतात. लक्षणं बहुधा पन्नाशीत. तरी शिक्का मारण्याआधी थायरॉइड, बी-१२, मोतीबिंदू, कानातला मळ, झोपेत श्वास अडकणं आणि नैराश्य तपासून घ्या. अडखळण्यासाठी मानेचे मणकेही. नव्याने फिट किंवा झटके आले असतील, तर अल्झायमरचा संशय बळावतो.

प्रश्न : डाऊन असलेल्या मामांना स्मृतिभ्रंशासाठी मेमॅन्टिन सुचवलंय. द्यावं का?

उत्तर : डाऊन असलेल्या चाळिशीपुढच्यांवर त्याची चाचणी झाली, निष्कर्ष २०१२ मध्ये आले : फायदा दिसला नाही. डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशाचं दुसरं औषध काही जण देऊन पाहतात. त्याने नाडी मंदावते, म्हणून आधी ईसीजी काढून घ्या.