पीसी फॉरमॅटला टाकायचाय, क्रोममधले सेव्ह पासवर्ड कसे वाचवायचे?

तुमचं म्हणणं असं, की सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढीवरचा पीसी फॉरमॅट करायचाय, जीएसटीपासून वीजबिलापर्यंत सगळे पासवर्ड क्रोममध्ये सेव्ह आहेत, पाठ एकही नाही, आणि क्रोमचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवला तर ते परत मिळतील का.

नाही मिळणार. मी विश्रामबागला पीसी दुरुस्तीच करतो. फोल्डरसोबत बुकमार्क येतील, हिस्ट्री येईल, पासवर्ड नाही. क्रोम ते विंडोजकडून कुलूपबंद करून घेतं आणि किल्ली तुमच्या विंडोजच्या युजर खात्याला बांधलेली असते. नवीन विंडोज टाकलं की नाव तेच दिलं तरी खातं वेगळं, किल्ली वेगळी. लॉगिन पासवर्ड विसरला म्हणून दुकानात तो 'तोडून' घेतात, तेव्हाही लोकल खातं (मायक्रोसॉफ्ट खात्याशी न जोडलेलं) असेल तर हेच होतं: पीसी सुरू, सेव्ह पासवर्ड गायब. हे गिऱ्हाइकाला आधी सांगायची आमच्या धंद्यात फारशी पद्धत नाही.

फायरफॉक्सचं उलटं. तिथे किल्ली प्रोफाइलच्या फोल्डरमध्येच असते, त्यामुळे फोल्डर उचलला की पासवर्डही येतात. पण प्रायमरी पासवर्ड, म्हणजे या सेव्ह पासवर्डांवरचा फायरफॉक्सचा स्वतःचा पासवर्ड, लावलेला नसेल, तर तो फोल्डर ज्याच्या हातात गेला त्यालाही ते आयते मिळतात.

आता तुमचं. क्रोममध्ये गूगल खातं जोडून सिंक चालू असेल, म्हणजे पासवर्ड गूगल खात्यातही साठत असतील, तर काळजी नको. फॉरमॅटनंतर त्याच खात्याने साइन इन केलं की पासवर्ड परत येतील. फक्त त्या खात्याचा पासवर्ड माहीत हवा आणि कोड ज्या नंबरवर येतो ते सिम जवळ हवं. पेढ्यांवर हा नंबर पुष्कळदा काम सोडून गेलेल्या दिवाणजींचा निघतो. आधी तेवढं बघून घ्या.

सिंक नसेल तर क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये जाऊन सेटिंग्जमधून पासवर्ड एक्स्पोर्ट करा. सीएसव्ही फाइल मिळेल. ती एक्सेलमध्ये उघडून बघाच: एका रकान्यात साइट, पुढे युजरनेम, पुढे पासवर्ड, सगळं धडधडीत वाचता येतं. ही फाइल डाउनलोड्समध्ये तशीच ठेवून पीसी कुणाकडे देऊ नका, माझ्याकडेसुद्धा नाही. कीपासएक्ससी हे पासवर्ड सांभाळणारं फुकटचं सॉफ्टवेअर घ्या, त्यात ती इम्पोर्ट करा, दोन-चार नोंदी उघडून नीट आल्यात का पाहा आणि मग सीएसव्ही शिफ्ट-डिलीटने उडवा. कीपासएक्ससी सगळं एकाच केडीबीएक्स फाइलीत कुलूपबंद ठेवतं. त्या फाइलीची एक प्रत पेढीवर आणि एक घरी असू द्या. 2019 च्या पुरानंतर चिखलाने भरलेले सीपीयू आम्ही उघडलेत, पेढीच्या ड्रॉवरमधली पासवर्डची वही तर त्याच पाण्यात लगदा होते.

कीपासएक्ससीत 'पासवर्ड विसरलात?' असं बटण नाही. ती फाइल उघडायचा मास्टर पासवर्ड गेला की सगळंच गेलं. म्हणून तो कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. कागदाला नाकं मुरडणारे भेटतील, पण इंटरनेटवरच्या चोराचा हात तुमच्या कपाटापर्यंत पोचत नाही.

एक न विचारलेलं सांगतो. क्रोममध्ये पासवर्ड सेव्ह करणं वाईट, असं मी म्हणणार नाही. वाईट असतं ते लॉगिन पासवर्ड नसलेलं विंडोज. असल्या पीसीवर क्रोममधल्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं की पासवर्ड दिसतो, मग समोर मालक असो की हमाल. फॉरमॅटनंतर तुमचं खातं वेगळं करा, दिवाणजींचं वेगळं, दोन्हींना पिन लावा. बँकेचा पासवर्ड मात्र कुठल्याच ब्राउझरमध्ये सेव्ह करू नका.

आणि विंडोज टाकणाऱ्याला 'क्रॅकवालं अमुक पण टाका' असं सांगू नका. तुमच्या खात्यात चाललेल्या प्रोग्रॅमला विंडोज तुमचाच माणूस समजतं, आणि क्रोमचे पासवर्ड पळवणारे व्हायरस अशाच क्रॅकमधून येतात. तुमच्या आत्ताच्या पीसीवर असलं काही असेल, तर फॉरमॅटनंतर मेल, बँक आणि जीएसटीचे पासवर्ड बदलूनच टाका.