डोळ्याच्या पडद्यापर्यंत जीवनसत्त्वं पोचतात कशी? ल्युटीनच्या गोळ्या घ्याव्यात का?

तुम्ही विचारलंय की आईला रोज गाजराचा ज्यूस देतोय, आता मेडिकलवाल्याने ल्युटीनच्या (पालेभाज्यांतलं एक पिवळं रंगद्रव्य) गोळ्या पण दिल्यात, तर हे सगळं खरंच डोळ्यात जातं का. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, हा प्रश्न रोज कोणीतरी विचारतंच.

जातं, पण सरळ नाही. पडद्यातल्या (रेटिनातल्या) ज्या पेशी प्रकाश पकडतात ना, रॉड आणि कोन, त्यांच्या थरात रक्तवाहिन्याच नसतात, त्यांचं खाणंपिणं मागच्या कोरॉइड नावाच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून येतं आणि मध्ये आरपीई म्हणून पेशींचा एकच थर असतो, तो सोसायटीच्या वॉचमनसारखा, ओळखीशिवाय सहसा कुणाला सोडत नाही. व्हिटॅमिन ए लिव्हरमधून आरबीपी४ नावाच्या प्रोटीनला धरून येतं आणि आरपीईवरचा स्ट्रा६ हा रिसेप्टर, म्हणजे ते ओळखणारं दार, ते आत घेतो. ते प्रोटीन बनवायला अंगात प्रोटीन आणि झिंक पाहिजे, त्यामुळे कुपोषित मुलाच्या लिव्हरमध्ये व्हिटॅमिन ए असलं तरी डोळ्याला कमी पडू शकतं आणि रातांधळेपणा येतो. ल्युटीन एचडीएलवर (ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात) बसून येतं, त्याला एसआर-बी१ नावाचा दुसरा रिसेप्टर आत घेतो. आणि ल्युटीन विरघळतं तेला-तुपात! गाजरात ते तसंही कमीच, त्यापेक्षा फोडणीची पालक-मेथी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, अंड्याचा बलक द्या.

खरा घोळ साखरेचा आहे, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, ग्लुट१ नावाच्या दारातून आत येतं आणि त्याला इन्सुलिन लागत नाही, म्हणजे रक्तात शुगर वाढली की पडद्यातही वाढते, ते दार बंद करायची सोयच नाही, मग वर्षानुवर्षं आतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत जातात आणि सुरुवातीला पेशंटला काहीच कळत नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर २०१३च्या एरेड्स२ अभ्यासातला फॉर्म्युला (१० मिग्रॅ ल्युटीन, २ मिग्रॅ झियाझँथिन हे ल्युटीनसारखंच रंगद्रव्य, सोबत व्हिटॅमिन सी, ई, झिंक, कॉपर) मॅक्युलर डिजनरेशन (वयानुसार पडद्याचा मधला भाग झिजण्याचा आजार) मधल्या टप्प्यावर असलेल्यांसाठी आहे, त्यांचा आजार पुढे सरकायचा धोका त्याने कमी होतो. चांगल्या डोळ्यांना तो आजार होऊच नये म्हणून त्या घेऊन फायदा होतो असं दिसलेलं नाही, मेडिकलवाला काहीही म्हणो. आणि घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर त्यांना बीटा कॅरोटीनवाल्या जुन्या गोळ्या अजिबात देऊ नका, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

आईंना शुगर आहे का ते लिहिलं नाहीत. असेल तर आधी बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा तपासून घ्या, दरवर्षी, गोळ्यांचं नंतर बघू.