कूलर म्हातारा झाला की नुसतं गवत?

प्रश्न : ताई, आमच्याकडं पत्र्याचा मोठा कूलर आहे, बारा वर्षं झाली असतील. मागच्या उन्हाळ्यापासून गार हवाच देईना, रात्री अंथरूण नुसतं चिकचिकतं. पोरगं म्हणतंय एसी घेऊ, हप्ते पाडून देतात. मला तर बिलाचीच धडकी भरते. जुनाच चालवावा का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : काका, हप्त्याचं राहू द्या, आधी हे सांगा, कूलर चालू असताना खिडक्या लावून घेता का? अंथरूण चिकचिकतं म्हणताय म्हणजे घेतच असणार. आमच्या घरी पण दोन उन्हाळे हेच, गार हवा बाहेर जाईल म्हणून सगळं गच्च बंद आणि सकाळी उशा दमट. अहो कूलर म्हणजे एसी नाही, तो बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, पण ती ओली हवा बाहेर पडलीच नाही तर घराची नुसती भट्टी-वाफ होते. म्हणून कूलर खिडकीबाहेर आणि समोरची खिडकी वीतभर उघडी. याला रुपया लागत नाही.

आता गवत. बोअरचं पाणी टाकत असाल तर क्षार धरलेले असणार, हात लावून बघा, पापडासारखं कडकड मोडलं तर त्यातून हवा कुठून येणार? तिन्ही जाळ्यांचं बदला, दर उन्हाळ्यालाच बदलायचं असतं ते, आपण चार-चार वर्षं ओढतो. पंपाला पांढरा थर असेल तर व्हिनेगरच्या पाण्यात भिजत घाला. पंखा सुरू होताना कण्हत असेल तर बऱ्याचदा कंडेन्सर गेलेला असतो, मोटर वाइंडिंगवाला बसवून देतो, त्यासाठी अख्खी मोटर बदलू देऊ नका. टाकी आठवड्याला रिकामी करा, ते खारं पाणी संडासात ओता, तुळशीला नको.

बिलाचं म्हणाल तर दीड टनाचा एसी जोरात चालला की तासाला साधारण दीड युनिट खातो, तुमचा कूलर एका युनिटात पाच-सहा तास काढतो. पाणी मात्र पितो, आणि आपल्याकडं नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही, ते गणित तुमचं तुम्ही घाला. जूनमध्ये हवा दमट झाली की पंप बंद करून नुसता पंखा चालवा, तेव्हा पाण्याचा उपयोग नाही.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको. पत्र्याचा कूलर आहे, वायर कुठं सोललेली असेल तर चिकटपट्टी न लावता वायरच बदला, तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आणि पोराला टाकी भरायला सांगाल तेव्हा आधी प्लग काढायला सांगा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.