फळीवरच्या डायनासोरांना हाक मारताना

गेल्या अंकात मी माझ्या डायनासोर-फिगरच्या संग्रहाबद्दल ओघात दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत : नावं. म्हणून या वेळचं सदर त्यांच्यासाठीच.

प्रश्न : माझ्याकडे लहानमोठे ४१ डायनासोर आहेत. त्यांतले तीन टी-रेक्स. पहिल्या दहाबारांना हौसेनं नावं ठेवली, आता मात्र ‘राजा’, ‘शेरू’ यापुढे गाडी सरकत नाही. तिन्ही टी-रेक्सना मी सध्या टी-१, टी-२, टी-३ म्हणतो. नाव सुचण्याची काही पद्धत असते का?

उत्तर : असते. नाव डोक्यात शोधू नका, हातातल्या फिगरमध्ये शोधा.

तुम्हाला ‘राजा’ सुचतं, कारण तुम्ही जातीकडे बघताय. टायरॅनोसॉरस म्हणजे जुलमी सरडा आणि रेक्स म्हणजे राजा; अमेरिकन शास्त्रज्ञ हेन्री ऑस्बर्न यांनी १९०५ साली हे नाव ठेवलं. राजेपण तुमच्या तिघांनाही तेव्हाच मिळालंय. आता हवं आहे ते या तिघांतला हा कोण, हे सांगणारं नाव.

तिघांनाही खिडकीपाशी न्या, उजेडात शेजारी शेजारी ठेवा आणि निवांत बघा. डोळे, दात, नखं यांवरचं बारीक रंगकाम दोन फिगरमध्ये कधीच तंतोतंत सारखं उतरत नाही, मग त्या एकाच साच्यातून का निघेनात. माझ्याकडच्या एका टी-रेक्सच्या डाव्या डोळ्याचा पिवळा ठिपका खोबणीच्या जरा खाली घसरलाय आणि वरची पापणी जाड काळ्या रंगात बुडालीय. उजवीकडून तो शिकारीला निघालेला दिसतो, डावीकडून नुकताच झोपेतून उठलेला. त्याचं नाव ‘पेंगुळ’. बदलून घ्यावा असं पहिल्या दिवशी वाटलं होतं. आता तो संग्रहातला माझा सगळ्यात लाडका आहे.

दुसऱ्याची गोष्ट वेगळी. दोन पायांवर उभ्या असणाऱ्या मऊ व्हिनाइलच्या फिगर उन्हाळ्यात हळूहळू पुढे झुकतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. हा झुकत झुकत शेजारच्या स्टेगोसॉरसच्या पाठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. तो ‘टेकू’. पुढे मी त्याचे पाय गरम पाण्यात धरून मऊ केले, सरळ केले आणि लगेच गार पाण्यात बुडवले. आता तो ताठ उभा असतो. नाव बदललं नाही, कारण त्या नावात त्याच्या आयुष्यातला एक उन्हाळा आहे.

नाव ठेवण्याआधी एकदा मोठ्यानं हाक मारून बघा. दोन-तीन अक्षरांचं नाव जिभेवर बसतं. पाच अक्षरांचं ठेवलंत तर आठवड्यात तुम्हीच ते तोडाल. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये १९०५ साली डिप्लोडोकसच्या सांगाड्याची प्रतिकृती आली, लोकांनी तिचं ‘डिपी’ केलं आणि आजही ती डिपीच आहे.

आणि मराठीनं आपल्याला हातात दिलेले प्रत्यय वापरा! वाघोबा, कोल्होबा, नागोबा : ज्याची धास्ती वाटते त्यालाच आपण ‘ओबा’ लावून जवळचा करतो. ट्रायसेराटॉप्स या नावाचा अर्थ ‘तीन शिंगांचं तोंड’. त्याला ‘शिंगोबा’ इतकं चपखल बसतं की माझ्याकडे ते नाव किती तरी वर्षं आहे. ‘या’ लावला की सलगी येते : दात्या, खवल्या, शेपट्या. वजनदार, सावकाश चालणाऱ्याला ‘राव’ किंवा ‘पंत’ शोभतो. माझा अँकिलोसॉरस, पाठीवर हाडांच्या ढाली आणि शेपटीला गोटा असलेला, ‘ढालेराव’ आहे. नुसतं ‘ढाल्या’ म्हटलं असतं तर त्याचा रुबाब गेला असता.

एक पथ्य मात्र पाळा : एका फळीवर एक नाव दोनदा नको. शास्त्रज्ञही हे फार कडकपणे पाळतात. प्राण्यांच्या साऱ्या जगात एक प्रजातीनाम (म्हणजे ‘टायरॅनोसॉरस रेक्स’मधलं पहिलं, ‘टायरॅनोसॉरस’) एकदाच वापरता येतं. १९६९ साली एका लहान मांसाहारी डायनासोरला ‘सिंटार्सस’ नाव दिलं गेलं, पण ते एका भुंग्याला आधीच दिलेलं होतं. आधी आला त्याचा हक्क. भुंग्यानं नाव राखलं आणि २००१ साली डायनासोरला नवं नाव मिळालं, ‘मेगॅप्नोसॉरस’. तुमच्या ४१ जणांची यादी एका वहीत असू द्या, म्हणजे असा घोळ होणार नाही.

प्रश्न : मी नऊ वर्षांची आहे. मी माझ्या टी-रेक्सचं नाव ‘राणी’ ठेवलं. दादा म्हणतो टी-रेक्स मुलगाच असतो, रेक्स म्हणजे राजा. मग नाव बदलू का?

उत्तर : अजिबात बदलू नकोस. दादाचं अर्धं बरोबर आहे, रेक्स म्हणजे राजाच. पण ते सगळ्या जातीचं नाव झालं. त्या जातीत माद्याही होत्याच, नाही तर अंडी कुणी घातली?

दादाला ‘सू’बद्दल सांग. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये सुमारे १२ मीटर लांबीचा एक टी-रेक्स उभा आहे. त्याची हाडं १९९० साली सू हेन्ड्रिक्सन या बाईंना सापडली, म्हणून त्याचं नाव सू. तो नर होता की मादी, हे हाडांवरून आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. तरी जगभर त्याला सू म्हणूनच ओळखतात.

आणखी एक गंमत. बऱ्याच डायनासोरांच्या नावाचा शेवट ‘सॉरस’ असा होतो. पण १९७९ साली एकाला मुद्दाम ‘मायासॉरा’ असं स्त्रीलिंगी नाव दिलं. त्याची घरटी सापडली होती आणि घरट्यात पिल्लंही होती. नावाचा अर्थ ‘चांगली आई सरडी’. तुझ्या राणीला एक मायासॉरा मैत्रीण मिळाली तर तिचं काय नाव ठेवशील, ते मला लिहून कळव.

प्रश्न : काही फिगरना कंपनीनंच नाव दिलेलं असतं. ते ठेवावं की बदलावं?

उत्तर : पीएनएसओ ही चिनी कंपनी असं करते, त्यांच्या एका टी-रेक्सचं नाव ‘विल्सन’ आहे. मी ते नाव वहीत लिहून ठेवते, कारण दुसऱ्या संग्राहकाशी बोलताना नेमकी कुठली फिगर हे चटकन कळतं. हाक मात्र माझ्या नावानं मारते. विल्सन हजारो घरांत आहे.

प्रश्न : माझ्या ओव्हिरॅप्टरचं नाव मी ‘चोरटा’ ठेवलं होतं, कारण पुस्तकात ‘अंडीचोर’ असा अर्थ दिला होता. आता वाचलं की तो चोर नव्हताच. फार वाईट वाटतंय. इतक्या वर्षांनी नाव बदललं तर चालेल?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण हाच अन्याय मीही केला होता.

मंगोलियात १९२३ साली हा प्राणी अंड्यांच्या घरट्यावरच सापडला. ती अंडी प्रोटोसेराटॉप्स या दुसऱ्याच डायनासोरची, असं तेव्हा धरून चालले होते. म्हणजे हा चोरी करताना मेला, असा निष्कर्ष निघाला आणि १९२४ साली ‘ओव्हिरॅप्टर’ नाव पडलं. नाव ठेवणारे पुन्हा ऑस्बर्नच. हे नाव या प्राण्याच्या सवयींबद्दल दिशाभूल करू शकेल, असं त्यांनी त्याच लेखात लिहून ठेवलं होतं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो चोर. पुढे १९९०च्या दशकात तशाच एका अंड्यात गर्भ सापडला, तो ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला. मग त्याच कुळातले प्राणी घरट्यावर, अंड्यांभोवती हात पसरून बसलेल्या अवस्थेत मिळाले. सत्तर वर्षं ज्याला चोर म्हटलं, तो बहुधा स्वतःचीच अंडी राखत होता.

शास्त्रीय नाव अर्थ चुकला म्हणून बदलत नाही. नियमच तसा आहे, आणि ते योग्यच आहे, नाही तर दर दहा वर्षांनी सगळी पुस्तकं नव्यानं छापावी लागतील. घरातल्या नावाला असला नियम नाही. तुम्ही जरूर बदला. टेकूचं नाव मी तसंच राहू दिलं, कारण ते एके काळी खरं होतं. ‘चोरटा’ हे कधीच खरं नव्हतं. मी माझ्याचं ‘राख्या’ केलं, अंडी राखणारा म्हणून. फळीवर त्याची जागाही बदलली. आधी तो दुसऱ्यांच्या पिल्लांपासून लांब, कोपऱ्यात ठेवलेला असायचा.

प्रश्न : नाव फिगरवर लिहावं का?

उत्तर : मार्करनं नको. मऊ व्हिनाइलमध्ये शाई मुरते, पसरते आणि मग निघत नाही. जाड कागदाची छोटी चिठ्ठी पायाशी ठेवा, वर घरातलं नाव, खाली शास्त्रीय. शास्त्रीय नावाला पेन्सिल वापरा, कारण अर्थ चुकला म्हणून नाही, तरी इतर कारणांनी तेही कधी कधी बदलतं. ब्रॉन्टोसॉरस १९०३ साली ॲपॅटोसॉरसमध्ये विलीन झाला होता आणि २०१५ सालच्या एका अभ्यासानं तो पुन्हा वेगळा काढला.

प्रश्न : माझी आजी गेल्या वर्षी गेली. आम्हाला यायला उशीर झाला की ती खिडकीतून मान लांब करून वाट बघत असे. मी नुकताच एक डिप्लोडोकस घेतला. त्याची मान बघून तीच आठवली. त्याला आजीचं नाव द्यावंसं वाटतं. घरचे म्हणतात, जनावराला माणसाचं, तेही गेलेल्या माणसाचं नाव देणं बरं नाही.

उत्तर : घरच्यांना आजीचा मान राखायचा आहे, तुम्हालाही तेच हवंय. म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका, हे दाखवा.

डायनासोरांच्या नावांत माणसं भरलेली आहेत, आणि बहुतेक सारी आदरानं. तुमच्याच डिप्लोडोकसची एक जात ‘कार्नेगी’, ज्यांनी उत्खननाला पैसा दिला त्या अँड्र्यू कार्नेगींच्या नावाची. भारतात सापडलेल्या बारापासॉरसच्या नावात रवींद्रनाथ ठाकूर आहेत, ‘टागोराय’ म्हणून. पॅटागोटायटन या अवाढव्य प्राण्याला २०१७ साली नाव देताना, ज्या कुटुंबाच्या शेतात हाडं निघाली त्या मायो कुटुंबाचं नाव जोडलं. ऑस्ट्रेलियात तर एका संशोधक जोडप्यानं १९८९ साली एका लहानशा डायनासोरला आपल्या मुलीचं नाव दिलं, ‘लिएलिनासॉरा’. आईवडील आपल्या लेकीचं नाव कमीपणा आणायला देत नाहीत.

तरीही आजींचं पूर्ण नाव घरात कुणाला टोचत असेल, तर त्यांना लहानपणी ज्या लाडक्या नावानं हाक मारत ते विचारून घ्या. ते कदाचित फक्त सगळ्यात थोरल्या माणसाला आठवत असेल. विचारायला जाल तेव्हा डिप्लोडोकस सोबत न्या, मान त्यांना बघू द्या.

आणि घरी आणल्यावर तो फळीवर भिंतीला समांतर ठेवू नका. तोंड दाराकडे करून ठेवा.