ख्मेर (आजच्या कंबोडियातल्या साम्राज्याचा) राजा सातवा जयवर्मन इतका महत्त्वाचा का मानला जातो?

माझ्या मते रुग्णालयांमुळे. बायोन मंदिराच्या मनोऱ्यांवरचे ते मंद हसरे दगडी चेहरे याच राजाने घडवून घेतले, पण त्याचं खरं मोठेपण ता प्रोहम मंदिराच्या ११८६ च्या संस्कृत शिलालेखात सापडतं. राज्यभरात १०२ आरोग्यशाळा असल्याची नोंद त्यात आहे. प्रजेचं दुखणं राजाला स्वतःच्या दुखण्याहून अधिक सलतं, असं त्याच्या आरोग्यशाळांच्या लेखांत म्हटलंय. शिवाय रस्त्यांवर प्रवाशांसाठी १२१ विसावे होते, आपल्याकडच्या धर्मशाळांसारखे.

गादी त्याला उशिरा मिळाली. चंपाच्या (आजच्या व्हिएतनाममधल्या चाम लोकांच्या राज्याच्या) सैन्याने ख्मेर राजधानी अंकोर लुटलं (परंपरेने हे साल ११७७ मानतात), त्याने चाम लोकांना हुसकावलं आणि ११८१ मध्ये राज्याभिषेक झाला, तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता. पुढे सुमारे १२१८ पर्यंत राज्य केलं. आधीचे बहुतेक राजे शैव किंवा वैष्णव, हा मात्र महायान बौद्ध. ता प्रोहम मंदिर त्याने आईच्या स्मरणार्थ बांधलं, प्रेअ खान मंदिर वडिलांच्या.

त्याची राणी इंद्रदेवी हिचाही उल्लेख करायलाच हवा. ती विदुषी होती, बौद्ध विहारात शिकवायची, आणि धाकटी बहीण जयराजदेवी (राजाची पहिली राणी) वारल्यावर तिने तिच्यावर रचलेली संस्कृत प्रशस्ती आजही शिलालेखात वाचता येते.